चार नंबरचा सिस्टम कॉल

डिप्लोमाला ८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या किटवर हेक्स आकडे दाबून बेरीज केली होती. त्यानंतर विषय सुटला, पण प्रोसेसरच्या आत काय चालतं हे कळावं ही ओढ राहिली. गेल्या पावसाळ्यात लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये नॅझम हा असेंब्लर टाकला आणि ६४ बिटचं असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याची भाषा, शिकायला बसलो.

पहिला प्रोग्राम स्क्रीनवर 'नमस्कार' छापण्याचा. छापणं, बाहेर पडणं अशी कामं सिस्टमकडून करून घ्यायची तर सिस्टम कॉल करावा लागतो: कामाचा नंबर आणि बाकी माहिती रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांत, ठेवायची. एका मोफत धड्यातून उतरवून घेतला: आरएएक्स या रजिस्टरमध्ये ४, आरबीएक्समध्ये १, आरसीएक्समध्ये मजकुराचा पत्ता, आरडीएक्समध्ये लांबी. बाहेर पडायला आरएएक्समध्ये १. सिस्टमला हाक मारणारी 'सिसकॉल' ही सूचना मात्र दुसऱ्या धड्यातली, कारण तिथे लिहिलं होतं की आता हीच वापरतात. असेंबल झालं, लिंक झालं, एक चूक दाखवली नाही. चालवलं तर नमस्कार नाही, नुसता सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याची चूक.

अकरा दिवस मी यात घालवले. ऑफिसातून आलो की रोज तेच. लेबलं बदलली, सेक्शनची नावं तपासली, नॅझम पुन्हा टाकलं. तिसरा धडा उघडला तर त्यात डॉस या जुन्या सिस्टमला हाक मारणारा २१एच इंटरप्ट! एकाही धड्याच्या माथ्यावर लिहिलेलं नव्हतं की हे १६ बिटचं, ३२ चं की ६४ चं. शिकवणाऱ्याने एवढी एक ओळ लिहिलीच पाहिजे. याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी जीडीबी हे चुका शोधायचं साधन (डीबगर) उघडलं आणि 'स्टेपआय'ने एकेक सूचना चालवली. सिसकॉलनंतर आरएएक्समध्ये दिसलं उणे १४, म्हणजे चुकीचा पत्ता. तिथून उलगडलं. धड्यातले आकडे ३२ बिटचे होते आणि सिसकॉल ६४ बिटची. ३२ बिटमध्ये ४ म्हणजे राइट आणि १ म्हणजे एक्झिट. ६४ बिटमध्ये ४ म्हणजे स्टॅट (फाइलची माहिती विचारणं), १ म्हणजे राइट आणि एक्झिट ६० वर. रजिस्टरंही वेगळी: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स. माझा प्रोग्राम बाहेर पडतच नव्हता, पुढच्या रिकाम्या मेमरीत घुसत होता. आकडे आणि रजिस्टरं बदलली आणि नमस्कार उमटला. रात्री साडेबाराला मी बायकोला उठवून दाखवला.

म्हणून जीडीबी पहिल्याच दिवशी शिका. धडा निवडताना आधी रजिस्टरांची नावं बघा: सगळीकडे ईएएक्स, ईबीएक्स दिसलं तर तो बहुधा ३२ बिटचा. टक्के आणि डॉलरची चिन्हं दिसली तर ती एटी अँड टीची पद्धत, तिथे ऑपरंडांचा, म्हणजे सूचना ज्यांवर चालते त्यांचा, क्रम उलटा असतो. इंटेलचं मॅन्युअल फुकट मिळतं, पण हजारो पानांचं आहे. अडलेली सूचना दुसऱ्या खंडात शोधा, तेवढंच. कंपायलर एक्सप्लोरर या वेबसाइटवर सी मधलं चार ओळींचं फंक्शन टाकून त्याचं असेंब्ली वाचणं मला सगळ्यात उपयोगी पडलं. तिथे ऑप्टिमायझेशन पहिल्या पातळीवर ठेवा, वाचायला सोपं जातं.

हो, आणि मराठी छापणार असाल तर लांबी अक्षरं मोजून देऊ नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'नमस्कार' २१ बाइटचा होतो. नॅझमलाच मोजू द्या.