दोन सॉकेटचं मशीन आणि एकाच बाजूची रॅम

कुपवाड एमआयडीसीत कास्टिंगचं डिझाइन किंवा रेंडरिंग करणाऱ्याला जुनं दोन सॉकेटचं, म्हणजे दोन प्रोसेसर बसणारं, वर्कस्टेशन मोहात पाडतंच. इंटेलचे दोन झिऑन ई५-२६७० प्रोसेसर म्हणजे १६ कोअर आणि ३२ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे). आकडा भारी आहे. पण मशीन घरी आणल्यावर रडायला लागलं, तर प्रोसेसरला शिव्या घालण्याआधी कॅबिनेट उघडा आणि रॅम कुठल्या बाजूला आहे ते बघा.

या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलर आतच असतो आणि प्रत्येकाला चार चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारे चार रस्ते, असतात. डीडीआर३-१६०० रॅमवर एका चॅनलला सेकंदाला १२.८ जीबी, चार मिळून ५१.२. आता विकणाऱ्याने १६ जीबीच्या दोन स्टिक पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला खोचून दिल्या, तर पहिल्याचे दोन चॅनल रिकामे आणि दुसऱ्याकडे स्वतःची मेमरी शून्य. सांगलीच्या मार्केट यार्डात दोन गाळे, दोन्हीकडे आठ-आठ हमाल, आणि हळदीची पोती मात्र सगळी पहिल्या गाळ्यात, तसं ते झालं. दुसऱ्या गाळ्यातल्या हमालाची प्रत्येक पोत्यामागे एक फेरी वाढते.

३२ जीबीच हवी असेल तर ४ जीबीच्या आठ स्टिक घ्या, प्रत्येक बाजूला चार. चॅनलमधला पहिला स्लॉट कुठला ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा. रजिस्टर्ड (सर्व्हरची) आणि साधी रॅम मिसळू नका, मशीन चालूच होणार नाही. एखादी स्टिक दिसतच नसेल तर सॉकेटची वाकलेली पिन तपासा. सॉकेट रिकामा असेल तर त्याच्या बाजूचे रॅमचे आणि कार्डाचे स्लॉटही मेलेले असतात. ग्राफिक कार्ड 'खराब' निघण्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, 'नोड इंटरलीव्हिंग' बंद ठेवा. नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याच्या बाजूची मेमरी. चालू असेल तर दोन्ही बाजूंची मेमरी एकत्र कालवली जाते आणि कुठली मेमरी जवळची, हे ऑपरेटिंग सिस्टिमला कळतच नाही. लिनक्सवर न्यूमासीटीएल (numactl) हे साधन टाकून हार्डवेअरचा तक्ता काढा. दोन नोड दिसले पाहिजेत, दोघांपुढे मेमरी जवळपास सारखी. खालच्या अंतराच्या चौकटीत स्वतःशी १० आणि शेजाऱ्याशी २० किंवा २१ असतं. हे नॅनोसेकंद नव्हेत, नुसतं प्रमाण आहे.

एवढं करूनही घोळ होतो, कारण लिनक्स मेमरीचं पान, म्हणजे छोटा तुकडा, पहिल्यांदा ज्या कोअरने हात लावला त्याच्या बाजूला देतं. प्रोग्रॅमने सगळा डेटा एकाच थ्रेडने भरला आणि मग १६ थ्रेड कामाला लावले, की पोती पुन्हा पहिल्या गाळ्यात. काम एका नोडच्या मेमरीत मावत असेल तर न्यूमासीटीएलने कोअर आणि मेमरी दोन्ही त्याच नोडला बांधा. मावत नसेल तर फक्त त्या प्रोग्रॅमपुरतं इंटरलीव्ह करा, म्हणजे त्याची मेमरी दोन्ही नोडवर वाटून टाका.

लिनक्सला एकाहून जास्त प्रोसेसर वापरता येऊ लागले ते १९९६ च्या २.० आवृत्तीपासून. तेव्हा कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एकच मोठं कुलूप होतं, आत एका वेळी एकच प्रोसेसर. ते कुलूप पुरतं निघालं २०११ मध्ये, २.६.३९ मध्ये. विंडोजची अडचण वेगळी, लायसन्सची: होम एडिशन एकच सॉकेट वापरतं. दोन्ही हवे असतील तर प्रो घ्यावंच लागतं.

१६ कोअर म्हणजे १६ पट वेग, हा हिशेबही सोडा. कामाचा २० टक्के भाग एकामागून एकच होणारा असेल, तर १६ कोअरवर जास्तीत जास्त चारपट वेग मिळतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर एकाच थ्रेडवर चालत असेल तर हे धूड घेऊच नका, नव्या पिढीचा साधा चार कोअरचा पीसी त्याला मागे टाकेल.

आणि वीज. दोन्ही प्रोसेसर प्रत्येकी ११५ वॅटचे, म्हणजे २३० इथेच गेले, ग्राफिक कार्ड वेगळं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. रेंडर चालू असताना लाइट गेली की तो बीप करायलाही थांबत नाही.