डबल-क्लिकचा कारभार हातात घेताना: आतापर्यंतची प्रगती

लिनक्सवर कुठली फाइल कशात उघडेल याचा हिशोब मुळापासून लावायचं काम सध्या चालू आहे. बराचसा भाग मार्गी लागला, म्हणून ही नोंद. सेटिंग्जमधल्या 'डिफॉल्ट ॲप्स'च्या पानावर ब्राउझर, मेल, संगीत, व्हिडिओ असे मोजकेच रकाने दिसतात. खरी गंमत त्याच्या मागे आहे, आणि ती बहुतेक सगळी साध्या टेक्स्ट फाइलींत लिहिलेली आहे. एडिटरमध्ये उघडायची, वाचायची, बदलायची. ही व्यवस्था मला मनापासून आवडते ती यामुळेच.

सुरुवातीला दोन प्रश्न वेगळे काढले की अर्धं काम होतं. ही फाइल कोणत्या प्रकारची आहे? आणि त्या प्रकाराला कोणतं ॲप लावलंय? पहिल्याचं उत्तर माइम डेटाबेस (फाइलींच्या प्रकारांची आणि ते ओळखण्याच्या खुणांची यादी) देतो, दुसऱ्याचं होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये असलेली 'माइमॲप्स डॉट लिस्ट' ही फाइल. काहीतरी भलत्याच ॲपमध्ये उघडलं की आपण थेट ॲप बदलायला धावतो, आणि घोळ प्रकार ओळखण्यातच झालेला असतो. म्हणून टर्मिनलवर आधी 'एक्सडीजी-माइम क्वेरी फाइलटाइप' आणि मगच 'क्वेरी डिफॉल्ट', हा क्रम मी आता सोडत नाही.

या वेळी सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'डॉट टीएस' या एक्स्टेन्शनवर, म्हणजे फाइलीच्या नावाच्या शेवटच्या शेपटावर. टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतला कोड याच नावाने सेव्ह होतो आणि टीव्हीच्या प्रक्षेपणात वापरला जाणारा एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीमसुद्धा. भरीला क्यूटी या ॲप बनवण्याच्या साधनसंचातल्या भाषांतराच्या फाइलींनाही हेच शेपूट. परिणाम असा, की कोडच्या फाइलीवर डबल-क्लिक केलं की व्हिडिओ प्लेअर उघडतो आणि गोंधळून बसतो. डेटाबेसची रीत अशी आहे: आधी फक्त नाव बघायचं, नावावरून काहीच कळलं नाही किंवा एकापेक्षा जास्त प्रकार जुळले, तर फाइलीच्या आत डोकावायचं. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची आतली खूण फार देखणी आहे. प्रत्येक पॅकेट १८८ बाइटचं, आणि प्रत्येकाचा पहिला बाइट ठरलेला, हेक्समध्ये (सोळावर आधारित अंकपद्धतीत) ४७. हेक्स व्ह्यूअरमध्ये बघितलं तर उजवीकडच्या अक्षरांच्या पट्टीत दर १८८ बाइटनंतर इंग्रजी कॅपिटल 'जी' हजेरी लावताना दिसतो. एकदा तरी स्वतः उघडून बघाच. टाइपस्क्रिप्टला मात्र अशी कुठलीच खूण नाही. तो शेवटी निव्वळ मजकूर.

यावर तोडगा म्हणून डॉट-लोकल, शेअर, माइम, पॅकेजेस या वाटेवर माझी स्वतःची छोटी एक्सएमएल फाइल ठेवली. तिच्यात टाइपस्क्रिप्टचा प्रकार, तो साध्या मजकुराचाच उपप्रकार असल्याची ओळ, आणि नावाच्या नमुन्याला ६० वजन. वजन न लिहिल्यास ५० धरलं जातं आणि जास्त वजनवाला जिंकतो. मग 'अपडेट-माइम-डेटाबेस' चालवलं, की झालं. याची किंमत उघड आहे: आता त्याच शेपटाचे व्हिडिओही एडिटरकडे जाणार. ती मी जाणूनबुजून मोजली. कोड रोज उघडावा लागतो, रेकॉर्डिंग क्वचित. शिवाय रेकॉर्डिंग एफएफएमपेग या टर्मिनलवरच्या साधनाने 'कॉपी' पर्याय देऊन एमकेव्ही या दुसऱ्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये हलवता येतात. चित्र-आवाज पुन्हा एन्कोड होत नाही, फक्त वेष्टण बदलतं.

दुसरी गोष्ट फोल्डरची. फोल्डरलाही स्वतःचा माइम प्रकार असतो, 'आयनोड/डिरेक्टरी'. एक नवा एडिटर टाकला आणि ब्राउझरमधलं 'फोल्डरमध्ये दाखवा' दाबलं की फाइल मॅनेजरऐवजी तोच एडिटर समोर यायला लागला. कारण एवढंच, की त्याच्या डेस्कटॉप फाइलीत (ॲपचं नाव, ते चालवायची आज्ञा आणि ते काय उघडतं हे सांगणारी छोटी टेक्स्ट फाइल) आपण फोल्डरही उघडतो असा दावा आहे. माइमॲप्समध्ये 'डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स' या मथळ्याखाली फोल्डरपुढे फाइल मॅनेजरचं नाव लिहिलं आणि विषय संपला. एका ओळीत अर्धविराम देऊन अनेक ॲप्स लिहिता येतात. पहिलं मशीनवर नसेल तर पुढचं घेतलं जातं. दोन मशीनवर वेगवेगळी ॲप्स असणाऱ्यांना ही सोय फार कामाची. 'रिमूव्ह्ड असोसिएशन्स' हा मथळाही दुर्लक्षित राहतो. 'ओपन विथ'च्या यादीतली बिनकामाची गर्दी त्यानेच कमी होते.

डेस्कटॉप फाइलीतल्या 'एक्झेक' ओळीकडेही लक्ष द्या. टक्क्याच्या चिन्हापुढे लहान 'एफ' असेल तर ॲपला एका वेळी एकच फाइल दिली जाते, कॅपिटल असेल तर निवडलेल्या सगळ्या एकदम. पंचवीस फोटो निवडून एंटर दाबल्यावर पंचवीस खिडक्या उघडत असतील, तर आधी ही ओळ तपासा. ॲपला एकदम अनेक फाइली घेता येत असतील तर डेस्कटॉप फाइल आपल्या होममधल्या ॲप्लिकेशन्स फोल्डरात कॉपी करून तिथे बदल करायचा. सिस्टिमच्या प्रतीपेक्षा तिला अग्रक्रम मिळतो, आणि अपडेट आलं तरी ती शाबूत राहते.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे निवड रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) 'यूजरचॉइस' या कीमध्ये असते, आणि विंडोज ८ पासून तिच्यासोबत हॅशही (पडताळणीचा सांकेतिक आकडा) असतो, त्यामुळे हाताने लिहिलेला बदल टिकत नाही. माझ्यासारख्याला हे जाचतं, पण कुठल्याही ॲपने परस्पर डिफॉल्ट बळकावू नये हा हेतू मला पटतो. आणि एक्स्टेन्शन दिसण्याचा पर्याय तिथे सर्वांत आधी चालू करा. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' हा वर्म पसरला, त्यात शेवटचं व्हीबीएस हे चालणाऱ्या स्क्रिप्टचं शेपूट लपलेलं राहून फाइल साधी टीएक्सटी वाटणं, याचा मोठा वाटा होता.

आता उरलंय ते माइमॲप्स गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवण्याचं. फाइल मॅनेजरमधून 'नेहमी यातच उघडा' म्हटलं की तोही याच फाइलीत लिहितो, म्हणून नवं ॲप टाकल्यावर किंवा डिफॉल्ट बदलल्यावर डिफ (आधीपेक्षा काय बदललं ते) बघायचा असं ठरवलंय. 'ग्नोम-माइमॲप्स' अशी डेस्कटॉपनिहाय फाइल असेल तर तिचा शब्द आधी चालतो, तेव्हा तीही सोबत ठेवणार आहे. कोणी ग्नोम आणि केडीई हे दोन्ही लिनक्स डेस्कटॉप एकाच खात्यावर वापरत असेल, तर तुमची विभागणी कशी आहे ते नक्की सांगा.