रंगवून का नाही विकली?

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलं, की जेवणाच्या रांगेत कोणीतरी हमखास गाठतं. "काका, ती 1932ची गाडी तशीच विकून टाकलीत म्हणे? रंग मारून, सीटा बदलून, चकाचक करून विकली असती तर दुप्पट आले असते!" विचारणारा बहुधा जुनं घर घेऊन, किचन बदलून, नफ्यात विकणाऱ्यांपैकी असतो, त्यामुळे त्याचं गणित मला कळतं. या गाडीला ते लागू पडत नाही. पण का पडत नाही, हे ताटात मसालेभात वाढून घेता घेता सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

गाडी होती रॉकनी 65, चार दरवाजांची सेडान. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचं काही चुकत नाही. अमेरिकनांनीही फारसं ऐकलेलं नसतं. मी जिथे नोकरीनिमित्त आलो आणि राहिलो, त्या उत्तर इंडियानात साउथ बेंड गावी स्टुडबेकर ही मोटारी बनवणारी कंपनी होती. 1929 साली अमेरिकेत मोटारी आणि ट्रक मिळून सुमारे 53 लाख वाहनं तयार झाली होती. 1932 साली तो आकडा 13 लाखांवर आला. अशा पडलेल्या बाजारात स्टुडबेकरचे अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन यांनी स्वस्त गाड्यांचा नवा ब्रँड काढला. त्याआधी त्यांनी एक लहान गाडी काढून पाहिली होती आणि तिला चक्क स्वतःचं नाव दिलं होतं. ती अर्स्किन गाडी 1930 मध्ये गुंडाळावी लागली. या खेपेला मात्र त्यांनी गावातल्या सगळ्यांत लाडक्या माणसाचं नाव घेतलं.

तो माणूस म्हणजे नूट रॉकनी, तिथल्याच नोटर डेम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. मूळचा नॉर्वेचा. त्याच्या हाताखाली संघानं 105 सामने जिंकले, 12 हरले आणि 5 बरोबरीत सोडवले. बोलण्यात असा पटाईत, की स्टुडबेकरनं त्याला आपल्या डीलरांपुढे भाषणं करायला नेमलं होतं. 31 मार्च 1931 रोजी कॅन्ससवरून जाताना त्याच्या विमानाचा लाकडी पंख हवेतच मोडला आणि आतले आठही जण गेले. रॉकनी तेव्हा 43 वर्षांचा होता. पुढच्या हंगामात गाडी बाजारात आली, ती गेलेल्या माणसाचं नाव लावून. किंमत 585 डॉलरपासून पुढे.

गाडी वाईट नव्हती. सहा सिलिंडरचं इंजिन, सिंक्रोमेश गिअर आणि वर 'फ्री व्हीलिंग', म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी इंजिनपासून सुटून आपली घरंगळत जायची. पेट्रोल वाचतं म्हणून तेव्हा त्याचं मोठं कौतुक. खंबाटकीच्या उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्या ट्रकवाल्यांना शिव्या घालत वाढलेल्या माणसाला ही सोय बघून घामच फुटतो, तेही यांत्रिक ब्रेकच्या भरवशावर! इंडियाना सपाट आहे म्हणून बरं.

बिनसलं ते कंपनीचं. मंदी लवकरच सरेल या खात्रीनं अर्स्किन नफ्यापेक्षा कितीतरी जास्त लाभांश वाटत राहिले. तिजोरी रिकामी झाली, मार्च 1933 मध्ये कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या कारभाऱ्याच्या, ताब्यात गेली आणि 1 जुलैला अर्स्किन यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. स्टुडबेकर पुढे सावरली, 1963 पर्यंत साउथ बेंडमध्ये गाड्या काढत राहिली. रॉकनी मात्र 1933 मध्येच संपली.

आता दुपटीच्या गणिताकडे येतो. लोकांना वाटतं, दुर्मीळ म्हणजे महाग. जुन्या गाड्यांच्या बाजारात पैसा दुर्मीळपणाला नाही, आठवणीला मिळतो. फोर्डची मॉडेल ए जवळजवळ 50 लाख बनली. आजही तिचे सुटे भाग कॅटलॉग बघून मागवता येतात आणि ती रस्त्यावर दिसली की "आमच्या आजोबांकडे होती" म्हणणारे दहाजण गोळा होतात. रॉकनी बघून तसं म्हणणारा मला क्वचितच भेटला. श्रीमंत संग्राहक ज्या यादीतल्या गाड्या शोधतात, त्या 'फुल क्लासिक' यादीत स्टुडबेकरची प्रेसिडेंट आहे, रॉकनी नाही. ती मुळात गरिबाघरची गाडी.

आणि गाडी गरिबाघरची असली म्हणून रंगारी सूट देत नाही. बंपरला क्रोम चढवणारा, पत्र्याखालचा लाकडी सांगाडा नव्यानं बसवणारा सुतार, सीटा शिवणारा, सगळे तेच पैसे घेतात, मग गाडी त्या काळची महागडी ड्यूसेनबर्ग असो की रॉकनी. मी चौकशी केली होती. सगळं करून घ्यायला जो खर्च आला असता, तो अशा नव्यासारख्या केलेल्या रॉकनीसाठी कोणीही देईल त्या किमतीच्या पुष्कळ वर जात होता. म्हणजे दुप्पट सोडाच, पदरचे गेले असते.

पण खरं सांगायचं तर हिशेब उलटा निघाला असता तरी मी रंगवली नसती. या गाडीजवळ वेग नाही, रूप बेताचं, नाव विस्मरणात गेलेलं. तिच्याजवळ होतं ते एवढंच, की तिला फारसा कोणाचा हात लागला नव्हता. मोहेरच्या (लोकरी कापडाच्या) सीटा कारखान्यातून आल्या तशाच, ड्रायव्हरच्या बाजूला कापड झिजून आतला धागा दिसणारा. रंग 1932चाच, बॉनेटवर पुसून पुसून इतका पातळ की खालचा प्रायमर डोकावतो. त्या काळचा कामगार दाराच्या आतल्या कडेला किती निष्काळजीपणे ब्रश फिरवायचा, हेसुद्धा तिथे दिसतं. 585 डॉलरच्या गाडीत काय मिळायचं, हे पुस्तकात वाचून कळत नाही. रंगवली की ती माहिती सॅंडपेपरबरोबर गेली. इथल्या अँटिक क्लबांच्या प्रदर्शनांत अशा मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळा विभाग असतो. तिथे परीक्षक चकाकी बघत नाहीत, मूळचं किती टिकलंय ते बघतात.

'बहुतांशी ओरिजिनल' हा शब्द मी जाहिरातीत मुद्दाम वापरला आणि त्यातलं 'बहुतांशी' म्हणजे काय तेही लिहिलं. पुढचं डावं मडगार्ड कधीतरी रंगवलेलं आहे, छटा जुळत नाही. सुती वेष्टणाच्या वायरी कुरतडलेल्या होत्या म्हणून मी बदलल्या. टायर आणि रबरी नळ्याही. फोटो काढले ते आधी गंजाचे, मग बाकीचे. एका मित्रानं कपाळाला हात लावला. पण खोट लपवून मिळालेलं गिऱ्हाईक दारात येऊन परत जातं. खोट बघून येणारं खरोखर घ्यायलाच आलेलं असतं.

तरी पहिला आलेला वेगळाच निघाला. त्याला फक्त बॉडी हवी होती: छत खाली आणायचं, आत आधुनिक व्ही 8 बसवायचं, 1932चा आकार म्हणून भाव चांगला. त्यानं सांगितलेली किंमत सगळ्यांत जास्त होती, हे बायकोला आजही पाठ आहे. मी नाही म्हटलं. दुसरा सगळं ठीक म्हणाला आणि शेवटी "रंगवून द्याल का?" असं विचारून गेला.

घेतली ती विस्कॉन्सिनच्या एका निवृत्त शिक्षकानं. तो आला, बोनेट न उघडता आधी मागच्या सीटवर जाऊन बसला. मग खाली सरपटून लाकूड टोकरून पाहिलं, सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, फ्री व्हीलिंगची कळ अडकते का ते विचारलं. अडकते, म्हटलं. घासाघीस केली, पण रीतसर. आकडा सांगणार नाही. आजच्या नव्या होंडा सिव्हिकच्या साधारण निम्मा समजा.

आणि हो, ज्यांना कोणाला अशी गाडी विकायची असेल त्यांनी टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर आधी गाडीशी ताडून बघा. त्या काळी काही ठिकाणी चासीऐवजी इंजिनाचा नंबर नोंदवत, आणि मध्ये कोणी इंजिन बदललं असेल तर कागद एकीचा आणि गाडी दुसरीच होऊन बसते. माझा जुळत होता. पैसे बँकेत जमा झाल्याचा फोन आला, मग सही केली आणि ट्रेलरवाल्याला आत बोलावलं.