बारगीर या शब्दाचा दुसरा अर्थ

ठाण्यात तलावपाळीपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर असलेल्या एका मराठी शाळेत मी एकोणीस वर्षे इतिहास शिकवते आहे. आमच्या मुलांना इतिहास शोधायला लांब जावे लागत नाही. ज्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीजवळून त्यांतली कित्येक रोज शाळेत येतात, तो मुळात पोर्तुगिजांचा किल्ला आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेऊन ती मोहीम तडीस नेली. दरवर्षी मी मुलांना वसईच्या किल्ल्यावर नेते. तिथे उभी राहून वेढ्याची हकीकत सांगताना माझा आवाज चढतो, आणि त्याबद्दल मला कधी संकोच वाटलेला नाही.

त्या दिवशी सातवीच्या वर्गात मी स्वराज्याची लष्करी व्यवस्था शिकवत होते. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा आणि शस्त्रे स्वतःची तो शिलेदार, आणि ज्याला ती सरकारातून मिळत तो बारगीर. हे दोन शब्द मी फळ्यावर लिहिले आणि खडू खाली ठेवला, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील जांभळी नाक्याजवळ सोन्याचे कारागीर आहेत. कुटुंब बंगालमधल्या पूर्व बर्धमान जिल्ह्यातले, काटवा गावाजवळचे. पण मुलगी इथेच वाढलेली आणि मराठी अगदी ठाण्याचे बोलणारी. तिने विचारले, "बाई, बारगीर म्हणजेच बोर्गी का? माझी ठाकुमा, म्हणजे आजी, धाकट्या भावाला झोपवताना बोर्गीचे गाणे म्हणते." मी अर्थ विचारला. तिने सांगितला, तो असा : बाळ झोपले, पाडा शांत झाला, देशात बोर्गी आले; बुलबुलांनी धान्य खाल्ले, आता सारा कशातून भरायचा?

वर्ग क्षणभर गप्प राहिला. मग मागून एक मुलगा ठामपणे म्हणाला, "ते मोगलांचे सैनिक असणार, बाई. आपले लोक असे करत नाहीत." काही मुलांनी माना डोलावल्या. तो मुलगा वांड नाही, मन लावून अभ्यास करणारा आहे, आणि त्याने हे वाक्य माझ्याच शिकवण्यातून उचलले होते. मी "ते पुढे येईल" असे म्हणून पाठ संपवला.

मधल्या सुट्टीत माझा डबा तसाच राहिला, कारण मी खोटे बोलले होते. ते पुढे येणार नव्हते. नागपूरकर भोसल्यांनी बंगाल आणि ओडिशापर्यंत मराठ्यांचा दरारा पोचवला, एवढ्या एका वाक्यात मी तो भाग दरवर्षी उरकत आले होते. मला बंगालच्या स्वाऱ्यांबद्दल माहिती नव्हती, असेही नाही. एम. ए. ला असताना मी त्यावर टिपणे काढली होती. मुलांना अभिमान वाटावा म्हणून मी वसई सांगत होते आणि त्याच हेतूने काटवा गाळत होते. वसई आणि काटवा यांच्यामध्ये फक्त तीन वर्षे आहेत.

शेवटचा तास खेळाचा होता. खेळाच्या सरांकडून मी तो मागून घेतला आणि पुन्हा त्याच वर्गावर गेले. सकाळी मी तिच्या प्रश्नाचे उत्तर टाळले, हे आधी मुलांना सांगितले. मग सांगितले, की होय, बोर्गी हा शब्द बारगीर या शब्दावरूनच आला आहे आणि ते आपलेच स्वार होते. १७४२ मध्ये रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरले, काटव्याला त्यांची छावणी पडली, मुर्शिदाबादेत लूट झाली आणि नवाब अलिवर्दीखानाशी चाललेल्या युद्धाची झळ गावोगावच्या रयतेला लागली. इंग्रजांच्या कलकत्त्यात लोकांनी त्या धास्तीने खंदक खणायला घेतला; त्याला मराठा खंदक असेच नाव पडले.

"हे शत्रूने लिहिले असेल," तो मुलगा म्हणाला. ही शंका रास्त होती आणि मला ती आवडली. मी त्याला गंगाराम या बंगाली कवीबद्दल सांगितले. त्या काळातच रचलेल्या त्याच्या काव्याचे नावच 'महाराष्ट्र पुराण' असे आहे. पृथ्वीवर पाप वाढले म्हणून खुद्द शंकरानेच शाहू महाराजांना प्रेरणा दिली, अशी त्याची सुरुवात आहे. म्हणजे कवी मराठ्यांचा द्वेष घेऊन लिहायला बसलेला नव्हता. तोच कवी पुढे सांगतो, की ब्राह्मण पोथ्या घेऊन पळाले, सोनार तराजू घेऊन पळाले, कोळी जाळी घेऊन पळाले, आणि बायकांवर अत्याचार झाले. सोनारांचा उल्लेख आला तेव्हा ती मुलगी हलक्या आवाजात "माझे बाबा" एवढेच म्हणाली, आणि मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली.

उरलेली हकीकतही सांगणे मला आवश्यक वाटले, नाहीतर एक अर्धवट गोष्ट काढून मी दुसरी अर्धवट गोष्ट तिच्या जागी बसवली असती. १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे स्वतः बंगालमध्ये गेले, ते अलिवर्दीच्या बाजूने रघुजींना हुसकायला. चौथाईचा, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्श्याचा हक्क कोणाचा, यावर मराठेच मराठ्यांच्या पाठलागावर होते. पुढच्या वर्षी अलिवर्दीने तहाच्या बोलण्यासाठी बोलावून भास्कररामांना आणि त्यांच्या सरदारांना दगा देऊन ठार केले. १७५१ मध्ये वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरली, तेव्हा हे थांबले. आणि त्याच बंगालमध्ये १९०४ साली, मूळ मराठी घराण्यातल्या सखाराम गणेश देऊस्करांच्या पुढाकाराने शिवाजी उत्सव झाला आणि रवींद्रनाथांनी महाराजांवर कविता लिहिली.

मग मी शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र सांगितले. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळाल तर पुढे कुणब्यांच्या घरचे धान्य, भाजी, लाकडे ओढून आणाल, आणि मग रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, अशी ताकीद त्यात आहे. पेटत्या दिव्याची वात उंदीर पळवून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाईने ते लिहिलेले आहे. त्या मुलाने विचारले, "म्हणजे भास्कररामांच्या स्वारांनी महाराजांचा हुकूम मोडला?" महाराज जाऊन तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती, असे मी म्हणाले, पण हुकूम मोडला होता, हे मी मान्य केले. माझ्या एकोणीस वर्षांत महाराजांचा मोठेपणा वर्गाला इतका नेमका कळलेला मी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी एक पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. परप्रांतीयांना खूश करण्यासाठी आम्ही मराठ्यांची बदनामी करतो, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना चिपळूणचे पत्र छापील रूपात वाचायला दिले. त्यांनी ते पूर्ण वाचले, दुसऱ्यांदा वाचले आणि घडी करून खिशात ठेवले. त्यांचे समाधान झाले नाही. परीक्षेत असे प्रश्न येणार नसतील तर मुलांच्या डोक्यात हे घालायचे कशाला, असे ते जाताना म्हणाले. मुख्याध्यापकांनी मला पुढच्या वेळी आधी कळवायला सांगितले आणि मी ते मान्य केले.

त्या आठवड्याच्या वह्या मी शनिवारी घरी तपासायला आणल्या. शब्दार्थांच्या पानावर त्या मुलीने लिहिले होते : बारगीर – ज्याला घोडा आणि शस्त्रे सरकारातून मिळत असा स्वार. खाली शाईचा रंग बदलून तिने दुसरी ओळ जोडली होती : आमच्या गावी – ज्याचे नाव घेऊन मुलांना झोपवतात तो. ती दुसरी ओळ आणखी अकरा वह्यांमध्ये होती, आणि त्यांतली एक त्या मुलाची होती. त्याने 'आमच्या' खोडून 'तिच्या' केले होते. मी सर्व वह्यांत दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण केली.