आवाज बंद करून बघा
आज धाकट्या भावाशी वाद झाला. "बर्फावर नाचणं हा कसला खेळ?" मी २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमधल्या आइस डान्सचा, म्हणजे स्केट्स घालून जोडीने बर्फावर नाचण्याच्या स्पर्धेचा, व्हिडिओ लावला, आवाज बंद केला आणि म्हटलं, फक्त पाय बघ.

ट्विझल आलं. एका पायावर गरगर फिरत पुढे सरकायचं, तेही दोघांनी एकाच लयीत. बुटाखालच्या ब्लेडला दोन कडा असतात. कुठल्या कडेवर तोल आहे हेही पंच बघतात. जोडीदाराला उचललं की सेकंद मोजतात, जास्त वेळ धरलं तर गुण कापतात. भाऊ पुढे सरकून बसला. दोनदा मागे नेऊन बघितलं.

१९७६ पासून आइस डान्स ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि पॅरिसला २०२४ मध्ये ब्रेकिंगही, म्हणजे ब्रेकडान्सही, होतं. पंचांच्या मतावर गुण म्हणून खेळ नाही म्हणायचं, तर जिम्नॅस्टिक्स आणि डायव्हिंगचं काय करायचं?

प्रत्येक नाच खेळ असतो असं मी म्हणत नाही. रंगमंचावर कुणाला हरवायचं नसतं, आणि त्यात कमीपणाही काही नाही. पण या दोघांच्या मांड्या, श्वास, वर्षानुवर्षांचं पडणं-उठणं... याला खेळाडू म्हणायचं नाही तर कुणाला?