सुभेदारांचे घड्याळ

बेळगावातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जुनी क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेली, घड्याळे येतात, ती बहुधा आखाती देशांतून परतलेल्यांच्या पेटीतून, नाहीतर मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्यांच्या घरातून. गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका गृहस्थांनी पिवळ्या तबकडीचे, निळ्या-लाल कड्याचे सेइको ६१३९ आणले. त्यांचे दिवंगत वडील सुभेदार होते आणि १९७१ च्या लढाईत हेच घड्याळ त्यांच्या मनगटावर होते, असे ते सांगत होते. विल्यम पोग या अंतराळवीराने १९७३-७४ च्या स्कायलॅब ४ मोहिमेत असेच घड्याळ वापरल्यामुळे संग्राहक त्याच्या मागे असतात. त्यात लढाईची हकीकत कोणी लेखी दिली, तर पुण्याचा एक संग्राहक दुप्पट पैसे मोजायला तयार होता. ते लेखी मी द्यायचे होते.

चावी कितीही फिरवली तरी घड्याळ चालत नाही, ही त्यांची तक्रार. ते तसे चालणारही नाही. या यंत्राला हाताने चावी देता येत नाही, मनगटाच्या हालचालीनेच त्याला आपोआप चावी बसते. चावी फिरवली की तबकडीच्या कडेचे आतले कडे फिरते, अर्धी दाबली की तारीख बदलते आणि पूर्ण दाबली की वार. शिवाय याला नेहमी फिरणारा सेकंदकाटा नसल्यामुळे ते चालू आहे की बंद, हे नुसते पाहून चटकन समजत नाही. मी ते थोडा वेळ हलवले, वरचे बटण दाबले आणि मधला लांब काटा निघाला. गृहस्थांचा चेहरा उजळला. खालचे बटण दाबल्यावर मात्र काटा बारावर न येता दोन सेकंद पुढे थांबला. तो सैल झाला होता.

मग मी आयग्लास लावून मागच्या झाकणावरचा क्रमांक वाचला. सेइकोच्या त्या काळातील क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरे स्थान महिन्याचे. इथे चार आणि पाच होते. हे यंत्रच मुळी १९६९ मध्ये बाजारात आले, तेव्हा चार म्हणजे १९६४ असू शकत नाही. मे १९७४, लढाईनंतर अडीच वर्षांनी. झाकण दुसऱ्या घड्याळाचे असेल, अशी पळवाट मला दिसत होती, पण तिला धरून सही करण्याइतका पुरावा नव्हता. मी तसे सांगितले.

ते बराच वेळ गप्प बसले, मग त्यांनी आईला फोन लावला. दुकानभर ऐकू येईल अशा आवाजात म्हातारी म्हणाली, "लढाईतलं ते नव्हे रे! ते एचएमटीचं होतं, तुझ्या काकानं शेतात हरवलं. हे त्यांनी नंतर घेतलं, मुंबईच्या माणसाकडून."

मी कागदावर मे १९७४ लिहून दिले आणि तबकडी मूळची आहे, ती रंगवून घेऊ नका, अशी तोंडी ताकीदही दिली. नवी दिसावी म्हणून तबकडी रंगवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी बिघडवलेली कित्येक घड्याळे माझ्या हातून गेली आहेत. संग्राहकाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काटा घट्ट करून आणि वाळलेले तेल साफ करून चार दिवसांनी घड्याळ परत दिले, तेव्हा त्यांनी ते तिथेच मनगटावर बांधले आणि काका कोणत्या शेतात गेले होते, हे आईला विचारायला हवे, असे म्हणत ते बाहेर पडले.