रोहित दिसले का?

उजनी धरणाच्या काठी, भिगवणला पक्षी बघून परतले की चपला काढायच्या आत हा प्रश्न येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: नाही दिसले. या खेपेला एकही रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नाही.

पहाटे साडेचारला पुणं सोडलं, उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर पोचलो. नावेत पाय ठेवतानाच नावाडी काका म्हणाले, "यंदा पाणी लई हाय ताई. चिखल उघडा पडला की येतील." खरंच आहे. रोहित उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळून खातो. उजनी तुडुंब असली की त्याने पाय टेकायचे कुठे? १९८० साली धरण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. पाणी पार ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. रोहितांचंही येणं त्या पाण्याच्याच हातात.

मग दिवसभर केलं काय? वारकरी बघितले. काळाकुट्ट, बदकाहून जरा लहान पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. हे नाव ज्याला सुचलं त्याला दंडवत! स्वभाव मात्र माळकऱ्याचा नाही. आमच्या नावेपासून दहा हातांवर दोघांची जुंपली. पाण्यावरच मागे रेलून एकमेकांना लाथा. बोटांना पाकळ्यांसारखे पडदे असतात, ते तेव्हा नीट दिसले. हरलेला पाण्यावरून फटफट धावत सुटला. पळाल्याशिवाय त्याला उडताच येत नाही. थर्मासातला चहा गार झाला, कुणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या नावेतून हाक, "काका, उडवा की जरा थवा!" पट्टकादंब हंस होते, हिमालय ओलांडून आलेले, चिखलाच्या एका बेटावर मान पंखात खुपसून बसलेले. इंजिन घरघरलं, थवा उठला, कॅमेरे कडकडले. उडत्या फोटोसाठी झोपलेल्याला उठवायचं, ही कसली हौस? (फोटो सुंदर येतात, कबूल.) आमच्या काकांनी काही न बोलता बांबूने नाव वळवली.

दुपारी चिलापीचं कालवण आणि भाकरी. शेजारच्या पंगतीला तीच मंडळी. त्यातल्या एकाने विचारलंच, "तुम्हाला रोहित दिसले का हो?"

काटा काढत म्हटलं, "नाही. वारकरी दिसले."

"ते काय, आळंदीला पण दिसतात की!"